फिजिक्सचे सर, बी.ए. प्रथम वर्ष

सरांच्या कानावर नेहमी खडू असायचा. सुतार पेन्सिल खोचतो तसा. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर दवाखान्यात इंजेक्शन घेतानासुद्धा तो तिथंच होता. मोपेडवरून येताना हेल्मेटमध्ये खडू मोडायचा, म्हणून कॉलेजच्या फाटकात शिरल्यावर ते आधी हेल्मेट काढायचे आणि खिशातला नवा खडू कानावर चढवायचे. पण डोक्यात काही चाललेलं असलं की दोन्ही विसरायचे. मग हेल्मेट घालूनच व्हरांड्यातून चालत जायचे, हेल्मेट घालूनच फळ्यावर सूत्र लिहायचे. मुलं हसायची नाहीत. सवय झाली होती.

त्यांच्या तासाबद्दल मी कॉलेजात येण्याआधीच, गाडीत, ऐकलं होतं. एकदा त्यांनी कॉलेजच्या गच्चीवरून एक भोपळा आणि एक लिंबू एकदम खाली सोडलं होतं. दोन्ही बरोबरच पडतात हे मुलांना पुस्तकात वाचून माहीत होतं, पण सरांचं म्हणणं, "वाचून माहीत असणं म्हंजे ऐकीव बातमी. बगून खात्री करा." भोपळा खाली फुटला त्याच वेळी प्राचार्य वहाणा वाजवत कोपऱ्यावरून वळले. बियांचा सडा त्यांच्या पायाशी. सरांनी वरून ओरडून विचारलं, "सर, बरोबर पडले का दोन्ही?" प्राचार्य इतके गांगरले की खरं उत्तर देऊन बसले, "हो, बरोबरच पडले." ते उत्तर सरांनी मुलांना निरीक्षण म्हणून लिहून घ्यायला लावलं.

मी त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला आले तेव्हा नुकतीच सेट परीक्षा पास झाले होते. नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन, आणि पुढच्या वर्षी बोलावतील का, ते पुढच्या वर्षीच कळणार. घर पूर्णेला, वडील रेल्वेत. सकाळची गाडी धरून यायचं आणि दुपारच्या गाडीनं परतायचं.

पहिल्याच दिवशी बी.ए. प्रथम वर्षाच्या वर्गात गेले. पुढे काही मुली, मध्ये मोकळे बाक, मागं मोबाईलमध्ये मुंडी घातलेली मुलं. आणि अगदी शेवटच्या बाकावर, खिडकीशी, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले, केस पिकलेले एक गृहस्थ. समोर वही उघडी, पेनाचं टोपण काढलेलं. मला वाटलं, कुणाचे तरी पालक असतील. मी हजेरी घेतली. शेवटचं नाव झालं तसे ते उठून उभे राहिले.

"माझं राहिलं, मॅडम."

"तुम्ही...?"

"मी बाहेरून फॉर्म भरलाय. मला रोल नंबर न्हाई. पण हाजरी घेतलेली बरी असती. माणूस बांधला जातो."

पुढच्या बाकावरची एक मुलगी तोंडावर ओढणी धरून हळूच म्हणाली, "मॅडम, ते फिजिक्सचे सर हायेत."

ज्यांच्या भोपळ्याची गोष्ट मी गाडीत ऐकली होती ते हेच, आणि ते माझे विद्यार्थी होते! त्या दिवशी मी 'अर्थशास्त्र म्हणजे काय' ही व्याख्या इतक्या वेळा सांगितली, की शेवटी ती मलाच परकी वाटायला लागली.

तास सुटल्यावर मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात बसले होते.

"सर, तुम्ही हे कामून करायलात?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा कधी कधी घरची व्हायची.

ते म्हणाले, "नोकरी लागल्यापासून मी वर्ग फक्त फळ्याकडून बगितला. पलीकडून कसा दिसतो ते पार विसरून गेलो. पोरं कामून झोपत्यात, कामून पळत्यात, हे तिकडं बसल्याबिगर कसं कळणार? आणि मला जे येतंय तेच शिकायला बसलो तर कळणार न्हाई. मनून जे अजिबात येत न्हाई ते घेतलं."

त्या वर्षी नवं शैक्षणिक धोरण, नवे क्रेडिट, नवे अभ्यासक्रम असं सगळं एकदम आलं होतं. प्रत्येक विभागानं अध्यापन सुधारण्यासाठी काय केलं याचा अहवाल मागितला जायचा. कुणी पडदा आणि प्रोजेक्टर लिहायचं, कुणी कार्यशाळा. सरांनी एक ओळ लिहून दिली होती: 'विभागप्रमुखांनी बी.ए.ला प्रवेश घेतला.' प्राचार्यांना ती चेष्टा वाटली.

माझ्या तासाला ते नेमानं यायचे. त्यांचा स्वतःचा तास असला तरच चुकायचा, आणि मग ते आधी येऊन रजेचा तोंडी अर्ज करायचे. मी इतरांसारखीच शिकवत होते. म्हणजे नोट्स सांगायचे, मुलं उतरवून घ्यायची. मला शिकवणाऱ्यांनीही तेच केलं होतं. एके दिवशी तास सुटल्यावर सर थांबले.

"मॅडम, आज मला काईबी कळलं न्हाई."

माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी लगेच हात वर केला. "नाराज होऊ नगा. ही चूक तुमची हाय का माझी, ते आपुन मिळून बगू. बसा."

आम्ही रिकाम्या वर्गात बसलो. त्या दिवशी मागणीचा नियम शिकवला होता. त्यांनी विचारलं, "ह्याच्या आधी तुमी कुठं शिकवलंय का?"

"कॉलेजात नाही. आमच्या विहाराच्या ओट्यावर मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. कॉलेजात होते तेव्हापासून."

"तिथं नोट्स देत होता?"

मला हसू आलं. तिथं कुठल्या नोट्स! तिथं अपूर्णांक शिकवायला मी भाकरी मोडायचे, व्याज शिकवायला मुलांना सावकार आणि गिऱ्हाईक करून भांडायला लावायचे.

"मंग इथं का न्हाई?" सर म्हणाले. "ही पोरं काय तिथल्यापेक्षा शानी हायेत का? त्याच गावची हायेत."

दुसऱ्या दिवशी मी वही घरी ठेवून गेले. त्या तासाला किती शिकवून झालं ते सांगता येणार नाही, पण मागच्या बाकावरच्या एका मुलानं मोबाईल खाली ठेवून मला पहिल्यांदाच उलट प्रश्न विचारला. सर वहीत काहीतरी लिहीत असल्याचं सोंग करून खाली मान घालून हसत होते.

शेवटच्या बाकावरून सरांना बऱ्याच गोष्टी दिसायला लागल्या. सकाळच्या तासाला खिडकीतून ऊन थेट फळ्यावर पडतं आणि मागच्यांना नुसतं चकाकतं, अक्षर दिसत नाही. पंखा असा खडखडतो की मागं ऐकूच जात नाही, म्हणून मागची मुलं आपली आपली बोलतात. त्यांनी खिडकीला जुनी चादर लावली, स्टुलावर चढून पंख्याला तेल दिलं. स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, "मागची पोरं बेशिस्त न्हाईत. बहिरी आणि आंधळी हायेत. आपुन केलेली."

त्याच मीटिंगमध्ये त्यांनी आणखी एक विचारलं. "मुली बारा वाजले की घरी का पळत्यात? दुपारच्या तासाला एक बी नसती."

"घरची कामं असतात," राज्यशास्त्राचे सर म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.

सरांचं समाधान झालं नाही. मला म्हणाले, "मी इचारलं तर त्या सांगणार न्हाईत. तुमी इचारा." मी विचारलं. मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एकीनं सांगितलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं. किल्ली हेडक्लार्ककडं, आणि हेडक्लार्कपुढं जाऊन किल्ली मागायची कुणाला लाज वाटणार नाही? म्हणून मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. बारापर्यंत कसंबसं काढायच्या आणि पहिल्या एसटीनं घर गाठायच्या.

मी हे सांगितलं तेव्हा सर कानावरचा खडू काढून हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमी इथं अध्यापन सुधारायलोय."

दुसऱ्या दिवशी त्या दाराला कुलूप नव्हतं. आतून कडी नवी बसवली होती, बादली आणि साबण होता. हेडक्लार्क कुलूप शोधत सगळीकडं फिरला. ते त्याला फिजिक्सच्या प्रयोगशाळेत दिसलं. दोऱ्याला बांधून पाण्यानं भरलेल्या भांड्यात सोडलेलं, आणि बी.एस्सी.ची मुलं भोवती उभी राहून त्याची घनता काढत होती.

"सर, हे कुलूप..."

"पितळेचं हाय का दुसरं काही मिसळलंय, ते बगायलोत," सर अगदी शांतपणे म्हणाले. "प्रयोग लांबणार हाय. वर्षभर चालंल."

हेडक्लार्क परत आला नाही. दुपारच्या तासाला मात्र मुली दिसायला लागल्या.

सगळ्यांनाच हे आवडत होतं असं नाही. राज्यशास्त्राच्या तासालाही सर जाऊन बसायचे. तिथं त्यांनी 'ग्रामसभा कशी असते' हा धडा झाल्यावर, "सर, तुमी कधी गेलाव का?" असं विचारलं. त्यानंतर एक तक्रार तयार झाली. वरिष्ठ प्राध्यापक दुसऱ्यांच्या वर्गात बसतात, त्यामुळं अध्यापनात व्यत्यय येतो. त्यावर माझीही सही हवी होती. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"तुम्हाला त्रास होतो ना? लिहून द्या. तुमची नेमणूक दर वर्षीची आहे, तुम्हाला आमचं सहकार्य लागेल."

घरी वडिलांनी नुकतंच कुणाला तरी अभिमानानं सांगितलं होतं की पोरगी प्राध्यापक झाली. पण तोंडातून निघालं ते असं: "सर, ते माझे विद्यार्थी आहेत. वर्गात सगळ्यात जास्त हजेरी त्यांचीच आहे. त्यांची तक्रार मी काय म्हणून करू?"

प्राचार्यांनी तक्रारीचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला. तो कागद पुढं गेला नाही. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं तेव्हा मी आधी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

त्याच पहिल्या वर्षी सत्राचा निकाल लागला आणि सर अर्थशास्त्रात नापास झाले. कॉलेजभर बातमी. दुसऱ्या दिवशी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ज्यानं त्यानं विचारलं, "काय विशेष?" आणि ज्याला त्याला त्यांनी सांगितलं, "नापास झालो. तोंड गोड करा."

"पण तुम्हाला तर सगळं येत होतं!" मी म्हणाले.

"येत होतं मनूनच गेलो. व्याख्या लिहिली न्हाई. एकदम नियमाशी भांडत बसलो. तपासणारा माणूस बिचारा व्याख्या शोधून शोधून दमला असंल."

मग त्यांनी वर्गात येऊन विचारलं, "बॅक कुणाकुणाचा ऱ्हायलाय? कोण कोण नापास?" कुणी हात वर करेना. सरांनी स्वतःचा वर केला आणि तसाच धरून उभे राहिले. हळूहळू मागून एक हात आला, मग दुसरा. सगळ्यात शेवटी सुमित्राचा.

सुमित्रा वालूरची. वडिलांचं तिथं किराणा दुकान. मुलगी हुशार, पण गाईड पाठ करून आलेली, आणि पेपरात मध्येच एक ओळ विसरली की पुढचं सगळं पुसलं जायचं. घरून तिला सांगितलं होतं, परत नापास झालीस तर कॉलेज बंद. नापासच व्हायचं असेल तर दुकानात बसून तरी होता येतं.

सरांनी नापासांचं मंडळ काढलं. रोज दुपारच्या तासानंतर कडुनिंबाखालच्या ओट्यावर. दुपारची गाडी सोडून मी पण बसायचे, पण मला बोलायची बंदी होती. नियम असा की ज्याला जे कळलं नसेल ते त्यानं विचारायचं, आणि दुसऱ्या नापासानं समजावून सांगायचं. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला मागणीची लवचिकता कळली न्हाई."

सुमित्रानं गाईडमधली व्याख्या एका दमात म्हणून टाकली.

"पाठ हाय तुझी," सर म्हणाले, "पण मला अजून बी कळलं न्हाई. तुज्या दुकानात असती का ही लवचिकता?"

सुमित्रा फस्सकन हसली. "दुकानात कुठं असती, सर! दुकानात तेल-मीठ असतंय."

"मंग तेल-मीठ सांग."

ती सांगायला लागली. कुठली वस्तू महाग झाली की गिऱ्हाईक 'राहू द्या' म्हणतं आणि कुठली झाली तरी नेतंच. थंड पेयाच्या बाटल्या, बिस्किटाचे पुडे, चहापत्ती. बोलता बोलता मध्येच थांबली. तिचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "हीच हाय काय ती!"

सर तिच्याकडं न बघता दुसऱ्या मुलाला म्हणाले, "आता मला बी थोडं थोडं कळायलंय. तुला?"

फेरपरीक्षेच्या आधी एके सकाळी सुमित्राचे वडील कॉलेजात आले. उंच, पांढरी टोपी, हातात पिशवी. तिचं नाव काढायला आले होते. दुकानावर माणूस नव्हता, त्यात पोरगी दुपारी घरी यायची ती आता संध्याकाळच्या एसटीनं यायला लागली होती, आणि गावात कुणीतरी सांगितलं होतं की कॉलेजात हल्ली मास्तरच पोरांत बसतात, शिकवत कुणी नाही. सर त्यांना ऑफिसच्या दारातच भेटले.

"काढू की नाव," सर म्हणाले. "पण क्लार्क चहाला गेलाय. तवर वर्गात बसा. उन्हात कामून थांबता?"

क्लार्क चहाला गेला नव्हता, हे मी सांगितलं नाही. वडील माझ्या वर्गात मागं येऊन सरांच्या शेजारी बसले, पिशवी मांडीवर. सरांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी सुमित्राला फळ्याशी बोलावलं. ती उठली आणि वडिलांना बघून जागच्या जागी थिजली. मला वाटलं, चुकलं आपलं.

मग तिनं फळ्याकडं तोंड केलं, एक उतरती रेघ काढली आणि वर्गाकडं वळून सुरुवात केली. भाव वाढला की मागणी घटते. आधी पुस्तकातलं, मग हळूहळू तिचं स्वतःचं.

तिचं बोलणं संपायच्या आत मागून खणखणीत आवाज आला.

"ए सुमे, मंग मिठाचं काय? मिठाचा भाव वाढला तर गिऱ्हाईक कमी नेतंय का? तेवढंच नेतंय! तुजा नेम कुठं गेला?"

सगळा वर्ग मागं वळला. सुमित्राच्या चेहऱ्यावर भीती होती ती कुठं गेली कळलं नाही. दुकानात वाद घालावा तशी ती एक पाऊल पुढं आली.

"नाना, मीठ लागतंच. त्याच्याबदली दुसरं काय घालणार? आणि घरखर्चात त्याचा वाटा तो केवढा! मनून तिथं मागणी ताठ ऱ्हाती. थंड्याचं तसं न्हाई. थंडा महागला तर पोरं पाण्यावर भागवत्यात. नेम मोडला न्हाई. नेम वाकतो किती, ते वस्तूवर हाय. त्यालाच लवचिकता म्हणत्यात."

"आन् साखर? लगनसराईत?"

"लगनसराईत तुमी भाव वाढवता तवा कुणी परत जातंय का?"

वर्गात हशा पिकला. नानांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली. "गप," ते म्हणाले, पण ओठ दाबूनही हसू राहिना. नंतर मागच्या मुलांनी गोडेतेलाचं काढलं, पेट्रोलचं काढलं, आणि घंटा कधी झाली ते कुणाला ऐकू आलं नाही.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "चला ऑफिसात. क्लार्क आला असंल."

नाना पिशवी सावरत म्हणाले, "नगं आता. एसटी जाईल." थोडं चालून गेले आणि परत वळून आले. "सर, ती दुपारचं थांबती म्हणली, ते हेच का?"

"हेच," सर म्हणाले.

फेरपरीक्षेला सर आणि सुमित्रा एकाच खोलीत बसले. पर्यवेक्षक सरांचाच जुना विद्यार्थी. तो आत आला की सर उठून उभे राहायचे आणि तो बिचारा घामाघूम व्हायचा. सुमित्रा चांगल्या मार्कांनी सुटली. सर काठावर. "यावेळी आधी व्याख्या लिहिली," ते मला म्हणाले, "आणि मंग भांडलो."

पुढे सर निवृत्त झाले, पण बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं, म्हणून कॉलेजात येत राहिले. निरोप समारंभात भाषण करायची पाळी आली तेव्हा म्हणाले, "मी कुठं जायलोय? उद्या मॅडमचा तास हाय."

पदवीदान झालं ते भर सकाळी कॉलेजच्या मैदानात, मांडव घालून. प्राचार्यांनी सरांना स्टेजवर खुर्ची ठेवली होती. सर तिथं गेले नाहीत. अंगात तो काळा झगा, डोक्यावर वाकडी टोपी, अशा थाटात रांगेत उभे, पुढं मागं सगळी नातवाच्या वयाची पोरं. कुणीतरी पुढं जायला सांगितलं तर रागावले, "रांग हाय ना? मंग." नाव पुकारलं तेव्हा सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. राज्यशास्त्राच्या सरांनी तर उभं राहून. मी रडणार नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही.

सुमित्राला अर्थशास्त्रात पहिला वर्ग मिळाला होता. एम.ए.ला परभणीला जाणार होती. कार्यक्रम संपल्यावर नाना पेढे वाटत फिरत होते. सरांच्या हातावर दोन ठेवले आणि त्यांच्या हातातल्या प्रमाणपत्राकडं बघून विचारलं, "तुमाला किती पडले, सर?"

"थर्ड क्लास. काठावर."

"अर्थशास्त्रात कमी पडले का?"

"तिथंच तर गेले."

नानांनी खरोखरीच्या कळवळ्यानं मान हलवली आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. वयानं व्हतंय थोडं. आता एम.ए.ला बसायचं तर नीट बसा. आमच्या सुमीकडून समजून घेत जा. रविवारी ती घरीच असती."

आजूबाजूचे सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पेढा तोंडात टाकला, बोटं झग्याला पुसली आणि अगदी मनापासून विचारलं,

"किती वाजता येऊ?"